मूळ संच कोणता?

१९९६ च्या मे महिन्यात आमच्या कळव्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक भांडण झालं. वीज गेलेली, घरात उकडत होतं, म्हणून सगळी बिल्डिंगच वर आली होती. आम्ही चार मित्र पाण्याच्या टाकीला टेकून बसलो होतो. भांडणाचा विषय असा, की रॉजर वॉटर्स सोडून गेल्यावर जो उरला त्याला पिंक फ्लॉइड म्हणायचं की नाही?

आता कळव्यातल्या चार पोरांचा या प्रश्नाशी काय संबंध, असं तुम्ही विचारू शकता. तेव्हा आईने विचारलंच होतं. पण ठाणा स्टेशनजवळच्या दुकानातून पैसे साठवून कॅसेट आणायची, एकाने आणली की बाकीच्यांनी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, आणि मग प्रत्येकाने आपापला पक्ष निवडायचा, हा आमचा धर्म होता. मी वॉटर्सवाला. माझा सगळ्यात जवळचा मित्र कट्टर गिल्मोरवाला. आवाज चढत चढत "तुझा फ्लॉइड म्हणजे शिळी कढी" इथपर्यंत आला, तेव्हा बाजूला चटईवर पडलेले माझे आजोबा उठून बसले.

"काय रे, कुठली कंपनी फुटली?"

आम्ही सांगितलं. म्हणजे, सांगायचा प्रयत्न केला. लंडनचा बँड आहे. १९६८ साली मूळचा गायक सिड बॅरेट बाहेर पडला, त्याच्या जागी डेव्हिड गिल्मोर आला. मग खूप गाजले. १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला. बँडचं नाव कोणाचं यावरून वकील, कोर्ट वगैरे झालं, १९८७ अखेर समझोता झाला आणि नाव गिल्मोरच्या बाजूला राहिलं. आता लोक म्हणतात हा खरा की तो खरा.

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे किर्लोस्कर कंपनीचीच गोष्ट की!"

त्या रात्री वीज दोन तासांनी आली. तोवर आजोबा बोलत होते. तेव्हा त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. नंतर नोकरीला लागल्यावर, विशेषतः कंपनी सोडून जाणारे आणि नवीन येणारे लोक रोज बघायला लागल्यावर, मी त्यातलं एकेक शोधून वाचत गेलो. आजचा वीकएंड त्या गोष्टीला.

सुरुवात पुण्यात. ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. बायकांनी नाटकात काम करायची पद्धत नव्हती, त्यामुळे शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार. हा झाला आपला मूळ संच. व्हर्जन १.०.

दोनच वर्षांत, १८८२ मध्ये, बडोद्याहून एक पोरगा कंपनीत आला. भाऊराव कोल्हटकर, लोकांच्या भाषेत 'भावड्या'. त्याचा आवाज असा, की त्याच वर्षी आलेल्या 'सौभद्रा'तली सुभद्रा आणि पुढे शकुंतलाही त्याचीच झाली. मुजुमदारांनी भूमिका सोडली आणि पुढे कंपनीच्या कारभारात आले. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले. म्हणजे पाचच वर्षांत संस्थापक गेला आणि नायिका बदलली. पण लोकांना विचाराल, तर किर्लोस्कर मंडळी म्हणजे भाऊरावांची मंडळी. पहिली शकुंतला कोण होती, हे फक्त माझ्यासारखे रिकामटेकडे लक्षात ठेवतात.

फ्लॉइडच्या चाहत्यांना इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. ज्याला आपण सगळे 'खरा फ्लॉइड' म्हणून मिरवतो, तो गिल्मोरचा फ्लॉइड, म्हणजे बदली खेळाडूचा. सिड बॅरेटच्या चाहत्यांना १९६८ मध्येच वाटलं असणार, की संपलं सगळं.

भाऊराव पुढे वय वाढल्यावर पुरुष भूमिका करायला लागले. १३ फेब्रुवारी १९०१ ला ते गेले. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रामोफोन कंपनीचे लोक हिंदुस्थानात रेकॉर्डिंग करायला आले १९०२ च्या नोव्हेंबरात. पावणेदोन वर्षांचा फरक! ज्या आवाजासाठी लोक बैलगाड्या जोडून यायचे, तो आवाज आज कुठेही नाही. ज्यांनी ऐकला ते सांगत राहिले, ज्यांनी ऐकला नाही ते मान डोलवत राहिले.

त्यामुळे १९०५ मध्ये मिरजेला एक सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला, तेव्हा त्याच्यासमोर कोण होतं विचार करा. समोर 'आम्ही भाऊरावांना ऐकलंय' म्हणणारे लोक होते, आणि पुरावा मागायची सोय नव्हती. मुलाचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. आपण त्याला बालगंधर्व म्हणतो.

म्हणजे बालगंधर्वसुद्धा बदली होते. हे वाक्य आजोबा त्या रात्री दोनदा म्हणाले. मला वाटलं विसरले असतील, म्हातारे झालेत. ते विसरले नव्हते.

पुढची पाच-सहा वर्षं भरभराटीची. १२ मार्च १९११ ला मुंबईत खाडिलकरांचं 'मानापमान' आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यांनी ठुमरी-कजरीच्या पूरब अंगाच्या चाली मराठी नाटकात आणल्या आणि लोक वेडे झाले. नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती आणि तरी त्यांनी प्रयोग केला, हे तुम्ही ऐकलं असेलच.

त्याच वर्षी जोगळेकर गेले. ते कंपनीचे नुसते नायक नव्हते, मालकांपैकी एक होते. आता जे व्हायचं तेच झालं. कारभार कोणाचा, पैसा कोणाचा, यावरून धुसफूस सुरू झाली आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस असे तिघे बाहेर पडले. त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मागे उरले मालक शंकरराव मुजुमदार. हो, तेच. पहिली शकुंतला. आपल्या भूमिकेचा वारस आपल्याच कंपनीतून निघून जाताना त्यांना काय वाटलं असेल, यावर कोणीतरी नाटक लिहायला हवं.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट फोर्क झाला. नाव एकीकडे, मुख्य डेव्हलपर दुसरीकडे. आणि युजर? युजर बालगंधर्वांच्या मागे गेले. किर्लोस्कर मंडळीकडे नाव होतं, परंपरा होती, पण भामिनी नव्हती.

म्हणून त्यांनी काय केलं? परत एक पोरगा शोधला! गोव्याच्या मंगेशीचा, तेरा-चौदा वर्षांचा, दीनानाथ मंगेशकर. लोकांनी त्याची तुलना कोणाशी केली असेल ते सांगायला नको. तो थोडा मोठा झाल्यावर १९१८ मध्ये तोही बाहेर पडला आणि चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली. फोर्क नंबर दोन.

दीनानाथांनी केलेली गोष्ट मला फार आवडते. त्यांनी भामिनीच्या वाटेला जाऊन बालगंधर्वांशी स्पर्धा केली नाही. त्यांनी त्याच 'मानापमाना'तला धैर्यधर उचलला आणि पार वेगळा केला. वेगवान ताना, चढा आवाज, तलवारीसारखं गाणं. 'प्रेम सेवा शरण' हे पद टेंब्यांनी भीमपलासात बांधलं होतं. दीनानाथांनी ते मुलतानीत नेलं. आज शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांच्या कानात मुलतानीतलंच आहे. तेव्हाच्या कट्टर लोकांनी नाकं मुरडली असतीलच, पण कव्हर व्हर्जन मूळ गाण्याच्या डोक्यावर बसलं.

टेंबेही गंधर्व मंडळीत फार काळ राहिले नाहीत. स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, आणि बोलपट आल्यावर १९३२ च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले. आजच्या शब्दांत, सोलो करिअर. टेंबे गेल्यावर गंधर्वांना चाली द्यायला कोण आलं? भास्करबुवा बखले! १९१६ चं 'स्वयंवर' त्यांचं. साथीला पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष. जगातल्या कुठल्याही बँडने हेवा करावा असा ताफा. आता 'टेंबे असतानाचा गंधर्व' भारी की 'बखल्यांचा गंधर्व' भारी, यावर गिरगावातल्या किती चाळींच्या किती गॅलऱ्यांत किती भांडणं झाली असतील, देव जाणे.

या सगळ्यात एक तिसरा माणूस आहे, आणि आजोबांचा आवाज त्याच्याकडे आल्यावर बदलला. कोल्हापूरचे केशवराव भोसले. लहानपणी 'शारदा' गाजवलेली, १९०८ साली, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, हुबळीला स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढलेली. बालगंधर्वांचं गाणं मधासारखं, केशवरावांचं पेटलेलं. गंधर्व मोठा की केशवराव, हा त्या काळातला सगळ्यात मोठा वाद. आपल्या वॉटर्स-गिल्मोर वादात निदान दोघं एका बँडमध्ये तरी होते. इथे दोन कंपन्या, दोन तंबू, दोन फौजा.

आणि मग टिळक गेल्यावर त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभारला जात होता, त्याचं लक्ष्य होतं एक कोटी रुपये. त्या फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी ठरवलं, की एकत्र प्रयोग करायचा. ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. नाटक 'मानापमान'. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. इतिहासात तो 'संयुक्त मानापमान' म्हणून नोंदला गेला.

आजोबांचे मामा गिरगावात कारकून होते. ते म्हणायचे, मी त्या रात्री तिथे होतो. आजोबांना त्याची खात्री नव्हती. त्यांचं म्हणणं, जेवढे लोक तो प्रयोग पाहिल्याचं सांगायचे, तेवढे बसवायला बालीवाला नव्हे, आझाद मैदान लागलं असतं.

तर दोन दिग्गज, एक कारण, एक रात्र. आता २ जुलै २००५ आठवा. लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाइव्ह ८. आफ्रिकेतल्या गरिबीसाठी वॉटर्स, गिल्मोर, राइट आणि मेसन १९८१ नंतर पहिल्यांदाच एका स्टेजवर आले. मी आणि माझा गिल्मोरवाला मित्र, दोघांनी ते त्याच्या घरी एकत्र पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, दोघांचेही डोळे भरले. तेव्हा आजोबा थकले होते. मी त्यांना सांगितलं, "आमचं संयुक्त मानापमान झालं." त्यांनी विचारलं, "मग आता पुढचा प्रयोग कधी?" मी म्हटलं, होईल की!

नाही झाला. २००८ च्या सप्टेंबरमध्ये रिचर्ड राइट गेला. आणि केशवराव? ते त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, विषमज्वराने गेले. वय एकतीस. त्या एका रात्रीचं रेकॉर्डिंग नाही. कोण वरचढ ठरलं हे सांगणारे साक्षीदार होते, पुरावा नव्हता, म्हणून वाद मिटला नाही. माझं तर मत आहे, की पुरावा असता तरी मिटला नसता. हाइड पार्कचं सगळं चित्रीकरण उपलब्ध आहे, आमचा मिटला का?

इथवर गोष्ट मजेची आहे. आता जरा अवघड भाग.

माझ्या आजोबांनी बालगंधर्व पाहिले ते चाळीसच्या दशकात. तोवर बोलपटांनी नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं होतं. स्टेजवर बायका आल्या होत्या. गंधर्व मंडळी कर्जात बुडून बंद झाली होती, १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ होऊन गेले होते आणि सिनेमात मन न रमल्याने परत नाटकाकडे आले होते. पन्नाशी उलटलेला माणूस शालू नेसून नायिका म्हणून उभा राहत होता. आजोबा तेव्हा विशी-बाविशीचे. पहिला पगार मोडून गेले. घरी येऊन मामांना सांगितलं, आज बालगंधर्व ऐकले. मामा म्हणाले, "तू ऐकलास तो बालगंधर्व नव्हे. बालगंधर्व आम्ही ऐकले."

पन्नास वर्षं झाली होती त्याला. आजोबा गच्चीवर ते वाक्य सांगताना अंधारात होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पण आवाजावरून कळत होतं, की ते अजून टोचतंय. म्हणाले, "शरीर थकलं होतं, कबूल. पण एक जागा त्यांनी अशी घेतली, की शेजारचा माणूस माझा हात धरून रडला. ओळख ना देख. ती जागा खोटी होती काय रे?"

आम्ही चौघंही गप्प. मग आजोबाच म्हणाले, "मामांनाही कोणीतरी सांगितलं असणार, की तुम्ही भाऊराव कुठे ऐकलेत!"

रेकॉर्ड त्यांना पुरत नसे. बालगंधर्वांच्या तबकड्या त्यांच्याकडे होत्या, पण एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. नाटकात तेच पद वन्स मोअर घेत घेत कितीही वाढायचं. ते म्हणायचे, तबकडी म्हणजे वाण्याकडचा नमुना, पोतं नव्हे. आमच्या धंद्यातही असंच आहे. कोड सगळ्यांकडे तोच असतो, तो चालवल्यावर काय होतं ते त्या त्या वेळच्या मशीनवर आणि लोडवर ठरतं. संहिता म्हणजे कोड. प्रयोग म्हणजे रनटाइम.

शेवटी एक हिशेब मांडतो. गंधर्व मंडळी हे नाव एका माणसाचं होतं. माणूस थकला, नाव थकलं. आता ललितकलादर्श बघा. संस्थापक १९२१ मध्येच गेला, आणि तोही कंपनीचा सगळ्यात मोठा आवाज असताना. कंपनी बंद पडायला हवी होती. पण बापूराव पेंढारकरांनी ती उचलली. लगेच १९२२ मध्ये वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं. १९३७ मध्ये बापूराव गेले. त्यांचा मुलगा भालचंद्र तेव्हा लहान होता. तो मोठा झाला आणि १९४२ मध्ये त्याने पुन्हा कंपनी उभी केली. तेच आपले अण्णा पेंढारकर, २०१५ पर्यंत आपल्यात होते. त्यांनी आणखी एक काम केलं, की नाटकांचे प्रयोग ध्वनिमुद्रित करून जपून ठेवले. भाऊराव आणि संयुक्त मानापमान हातातून निसटलेल्या समाजात कोणीतरी हे करायलाच हवं होतं.

केशवरावांच्या चाहत्यांनी १९२१ मध्ये 'ही आता ललितकलादर्श नव्हे' म्हणून पाठ फिरवली असती, तर यातलं काही झालं नसतं. वाद घालणारा चाहता आठवण जिवंत ठेवतो, हे मला मान्य आहे. पण तोच चाहता दाराशी उभा राहून नव्या पोराला आत येऊ देत नाही, हेही खरं. १९०५ च्या मिरजेतल्या प्रेक्षकांनी त्या सतरा वर्षांच्या मुलाला एक रात्र दिली. आपण देतो का?

मी नाही दिली, असं नाही. २००७ च्या फेब्रुवारीत रॉजर वॉटर्स मुंबईत आला. मी दोन तिकिटं काढली. गिल्मोरवाला मित्र म्हणाला, "चौघांतला एक. हा फ्लॉइड नव्हे. मी येत नाही." मी एकटा गेलो. गिल्मोरची गिटार दुसरंच कोणीतरी वाजवत होतं आणि त्यातल्या एका जागेला शेजारचा अनोळखी माणूस माझा खांदा धरून ओरडला. मला आजोबा आठवले. सांगायला मात्र ते नव्हते, आदल्या वर्षीच गेले होते.

परतीला ठाण्याला उतरलो. कळव्याला फास्ट थांबत नाही आणि तेवढ्या रात्री स्लोही नव्हती. रिक्षाने खाडीवरचा पूल ओलांडताना मित्राला फोन लावला. म्हटलं, कसा झाला विचार. तो म्हणाला, "तू पाहिलास तो फ्लॉइड नव्हे." मी फोन ठेवून दिला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांचा जन्मदिवस होता. बातम्यांत जळक्या वास्तूबाहेर रडणारी माणसं दिसत होती. त्यांतल्या एकानेही केशवरावांना ऐकलेलं असणं शक्य नाही. त्यांनी तिथे ऐकले असतील ते नंतरचे लोक. बदली संच. ते त्यांच्यासाठी रडत होते.

त्या रात्री मित्राचा फोन आला. फ्लॉइडचं नाव न काढता बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, "२००७ ला यायला हवं होतं रे."

मी म्हटलं, "असो. गिल्मोर थोडा बरा वाजवतो."

हे मी लेखी देणार नाही, असं तेव्हा ठरवलं होतं. दिलं.